राणीचा दुसरा खटला

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने सहा लग्ने केली, हे शाळेत इतिहासाचा कंटाळा करणाऱ्यांनाही ठाऊक असते. दोघींना सोडले, दोघींची डोकी उडवली, एक बाळंतरोगाने गेली आणि एक त्याच्यामागे उरली, हा हिशेबही पुष्कळांना तोंडपाठ असतो. परंतु डोके उडवलेल्यांपैकी पहिली जी अ‍ॅन बोलिन, तिला मेरी नावाची एक बहीण होती आणि अ‍ॅनच्या आधी ती बहीण राजाचे अंगवस्त्र होती, ही गोष्ट अभ्यासकांचे वर्तुळ सोडले तर फारशी कुणाच्या गावी नव्हती. २००१ साली फिलिपा ग्रेगरी या लेखिकेची 'द अदर बोलिन गर्ल' ही कादंबरी आली आणि चित्र पालटले. पुढच्याच वर्षी तिला इंग्लंडमध्ये वर्षातल्या उत्तम प्रणयरम्य कादंबरीचे पारितोषिक मिळाले आणि २००८ साली तिच्यावर मोठा चित्रपट निघाला. आज अ‍ॅन बोलिन म्हटले की जगभरच्या लाखो वाचकांच्या डोळ्यांपुढे जी बाई उभी राहते, ती बव्हंशी या कादंबरीतली असते.

आमच्या वाचक मंडळात ही कादंबरी वाचायला घेतली ती एका सभासद बाईंच्या हट्टाने. मंडळ म्हणजे फार मोठे प्रकरण नाही. एकाच परिसरात राहणारी आम्ही दहाबारा माणसे, बहुतेक बायका, दोन निवृत्त पुरुष. महिन्याच्या एका शनिवारी कुणाच्या तरी घरी जमतो, चहा-पोहे होतात आणि ठरलेल्या पुस्तकावर दोन तास बोलतो. एरवी मराठीच पुस्तके असतात. इंग्रजी, तेही पाचशेहून अधिक पानांचे, म्हटल्यावर कुरकुर झाली. मग दोन महिन्यांची मुदत ठरली. कुणी शब्दकोश जवळ ठेवून वाचले, कुणी सुनेकडून रोज रात्री गोष्ट ऐकली, एकीने चित्रपट पाहून वेळ भागवली आणि ते पहिल्या पाच मिनिटांत उघडकीस आले. परंतु ज्यांनी वाचली त्यांनी अक्षरशः रात्री जागवल्या, आणि त्या शनिवारी दोन तासांचे चार तास झाले.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगायला हवे. निवेदन सगळे मेरीच्या तोंडून आहे. सुरुवात १५२१ सालच्या वसंत ऋतूत होते. बकिंगहॅमच्या ड्यूकचा शिरच्छेद व्हायचा आहे आणि कोवळ्या वयाची, पण लग्न झालेली मेरी गर्दीत उभी राहून ते पाहते आहे. राजा शेवटच्या क्षणी माफी देईल अशी तिची बालबुद्धीची खात्री आहे. माफी येत नाही. पुढे राजाची नजर मेरीवर पडते. घरातली वडील मंडळी, म्हणजे बाप सर टॉमस बोलिन आणि मामा नॉरफोकचा ड्यूक, बैठक बसवून ठरवतात की ही संधी सोडायची नाही. मेरीच्या नवऱ्याने डोळे मिटायचे, राणीच्या सेवेत राहणाऱ्या मेरीने राणीच्याच बातम्या मामाला पुरवायच्या आणि राजाला खूश ठेवायचे. मेरी बाळंतपणासाठी बाजूला होते तेव्हा राजाचे मन दुसऱ्या घराण्याकडे वळू नये म्हणून धाकल्या-थोरल्या बहिणींतली दुसरी, अ‍ॅन, पुढे केली जाते. आणि अ‍ॅन नुसते मन गुंतवून थांबत नाही, ती राजाला स्वतःकडे खेचून घेते, राणी होते, आणि तीन वर्षांत टॉवर ऑफ लंडनमध्ये संपते.

यातला मामा आमच्या मंडळींना फार लवकर कळला. इंग्रजी समीक्षकांना नॉरफोक हा नुसता 'अंकल' आहे. आपल्याकडे काका आणि मामा यांत फरक आहे, आणि मामाचे घर म्हणजे हक्काने जायची जागा. तो मामाच दोन्ही भाच्यांना पटावरच्या सोंगट्यांसारखा फिरवतो, हे वाचून बायकांचा संताप झाला. एकीने त्याचे नाव कंसमामा ठेवले आणि चर्चा संपेपर्यंत तेच चालले. गंमत अशी की याबाबतीत लेखिकेने काही वाढवून सांगितलेले नाही. १५ मे १५३६ रोजी अ‍ॅनवर खटला चालला तेव्हा न्यायासनावर मुख्य म्हणून हाच सख्खा मामा बसला होता, आणि जाळून किंवा शिरच्छेद करून, राजाची मर्जी असेल तसे मारावे, ही शिक्षा त्यानेच वाचून दाखवली.

कादंबरीचे बळ मेरीत आहे, याविषयी मंडळात दुमत नव्हते. मेरीची इतिहासात फार थोडी नोंद आहे. १५२० साली विल्यम कॅरी नावाच्या दरबारी गृहस्थाशी तिचे लग्न झाले. राजाशी तिचे संबंध होते याचा बळकट पुरावा खुद्द राजानेच ठेवला आहे, तो पुढे सांगते. कॅरी १५२८ च्या घामाच्या साथीत मेला. ही साथ त्या काळी इंग्लंडात अधूनमधून येई आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत संपे. मेरीच्या पदरात दोन मुले होती. मुलगा हेन्री कॅरी याचे पालकत्व राजाने अ‍ॅनकडे दिले. त्या काळच्या रीतीप्रमाणे हा पोराच्या शिक्षणाची आणि भवितव्याची सोय लावण्याचा मार्ग होता, पण कादंबरीत मेरीच्या दृष्टीने तो सरळसरळ मुलगा हिरावून घेण्याचा प्रकार ठरतो. बहिणीने बहिणीचे मूल घ्यायचे, आणि आईने ते निमूटपणे द्यायचे! हा भाग वाचताना आमच्यातल्या एक बाई पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या होत्या, असे त्यांनी सांगितले. मूल नसलेल्या जावेला आपला धाकटा देण्याविषयी त्यांच्या घरात एकदा बोलणे झाले होते. ते पुढे सरकले नाही. पण नुसत्या बोलण्याची आठवण चाळीस वर्षांनी इंग्लंडच्या राजवाड्यातल्या एका प्रसंगाने जागी झाली. कादंबरीचे श्रेय द्यायचे ते अशा ठिकाणी द्यायला हवे.

मेरीने १५३४ साली विल्यम स्टॅफर्ड या साध्या, पैसा नसलेल्या माणसाशी गुपचूप दुसरे लग्न केले. तोवर तिची बहीण राणी झालेली. राणीच्या बहिणीने असे लग्न करावे म्हणजे घराण्याचे नाक कापले गेले; तिला दरबारातून हाकलून दिले, बापाने पैसे तोडले. तेव्हा मेरीने राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याला रदबदलीसाठी लिहिलेले पत्र आजही शिल्लक आहे. सगळे जग मला कस्पटासमान लेखत होते आणि हा एक माणूस मला मोलाची मानत होता. त्याच्याबरोबर भीक मागून खाईन, पण त्याला सोडून जगातली सर्वांत मोठी राणी व्हायचे मला नको, अशा अर्थाचे ते पत्र आहे. मेरीचे मन कळायला कागद असा हा एवढाच. ती कुठे पुरली हे ठाऊक नाही आणि तिचे म्हणून दाखवले जाणारे चित्र तिचेच आहे याचीही खात्री नाही. एवढ्या मोकळ्या जागेत कादंबरीकाराने घर बांधले तर कुणी तक्रार करू नये. हेन्रीच्या आरमारात मेरी बोलिन नावाचे एक जहाज होते. त्याची नोंद वाचताना या बाईचा शोध घ्यावासा वाटला, असे ग्रेगरीने सांगितले आहे. एका जहाजाच्या नावावरून एक सबंध बाई उभी करणे हे साधे काम नव्हे.

अडचण दुसऱ्या बहिणीपाशी सुरू होते.

मेरी चांगली दिसावी म्हणून अ‍ॅनला वाईट केले आहे, हा आमच्यातल्या इतिहासाच्या निवृत्त शिक्षिकेचा पहिला आक्षेप. मेरी गोरी, गावाकडे रमणारी, मुलांसाठी जीव टाकणारी. अ‍ॅन काळ्या डोळ्यांची, हेकट, मत्सरी, मुलांकडे पायरी म्हणून पाहणारी. हा साचा आपल्याला संध्याकाळच्या मालिकांतून चांगला परिचयाचा आहे. खरी अ‍ॅन लहानपणी, १५१३ साली, नेदरलँड्समध्ये ऑस्ट्रियाच्या मार्गारेटच्या दरबारी शिकायला गेली, मग कित्येक वर्षे फ्रान्सच्या दरबारात राहिली. तिचे फ्रेंच उत्तम होते. बायबल सर्वसामान्यांच्या भाषेत यावे या मताची ती होती. टिंडेलने केलेल्या इंग्रजी नव्या कराराची तिची स्वतःची प्रत आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. बायबलाचे भाषांतर केल्यापायी हाच टिंडेल परदेशात जीव मुठीत धरून राहत होता आणि १५३६ सालीच त्याला मृत्युदंड झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे ती प्रत जवळ बाळगण्याचा अर्थ कळतो. मठांची जप्त मालमत्ता राजाच्या तिजोरीत न जाता शिक्षणाला आणि गरिबांना मिळावी, यावरून तिचे क्रॉमवेलशी बिनसले होते, असे तिचे चरित्रकार एरिक आइव्ह्ज यांनी दाखवून दिले आहे. कादंबरीत यातले जवळजवळ काहीच नाही. धर्माच्या प्रश्नावर अर्धा युरोप पेटलेला असताना या कादंबरीतली माणसे फक्त पलंग आणि पाळणा यांविषयी बोलतात.

तरीही एवढ्यावर भागले असते तर आम्ही चहा पिऊन घरी गेलो असतो. कादंबरीकाराने एक पात्र झुकते आणि एक पात्र उणे दाखवायचेच. पण पुस्तकाच्या शेवटच्या भागात एक गोष्ट आहे, तिच्यावरून खरी लढाई झाली.

अ‍ॅनला मुलगा होत नाही. सप्टेंबर १५३३ मध्ये मुलगी झाली, तीच पुढची एलिझाबेथ. त्यानंतर गर्भ टिकेना. राजा उतावीळ. या कोंडीतून सुटण्यासाठी अ‍ॅन स्वतःच्या सख्ख्या भावाचा, जॉर्जचा, आधार घेते, असे कादंबरीत सुचवले आहे. उघड प्रसंग रंगवलेला नाही, पण वाचणाऱ्याच्या मनात शंका राहू नये इतके स्पष्ट सुचवले आहे. पुढे जो गर्भ पडतो तो विद्रूप असतो, आणि पाप जणू देह धरून बाहेर येते.

आता हा आरोप कुठून आला? तो १५३६ च्या आरोपपत्रातला आहे. अ‍ॅनवर पाच पुरुषांशी व्यभिचाराचा आरोप ठेवला होता आणि त्यांतला एक तिचा भाऊ होता. आमच्या मंडळात एक निवृत्त वकीलबाई आहेत. त्यांनी दोन महिन्यांत कादंबरीबरोबर आइव्ह्जचे चरित्रही वाचून काढले आणि त्या शनिवारी वहीत टिपणे घेऊन आल्या. त्यांनी जे सांगितले ते ऐकताना पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या.

आरोपपत्रात गुन्ह्यांच्या तारखा आणि ठिकाणे दिली आहेत. आइव्ह्ज यांनी त्या तारखांना राणी आणि तो तो पुरुष खरोखर कुठे होते हे तपासले. जवळजवळ तीनचतुर्थांश आरोप नुसत्या स्थळकाळाच्या हिशेबानेच खोटे ठरतात. पहिलाच आरोप घ्या. ६ ऑक्टोबर १५३३ रोजी वेस्टमिन्स्टरला हेन्री नॉरिसबरोबर. त्या दिवशी राणी वेस्टमिन्स्टरला नव्हतीच. ती ग्रिनिचला, बाळंत होऊन महिनाही न झालेली, बाळंतिणीच्या खोलीत होती. पाचांपैकी गुन्हा कबूल केला तो एकट्या मार्क स्मीटन या वादकाने. तो एकटाच सामान्य घरातला होता. बाकीच्या चौघांनी अखेरपर्यंत नाकारला. १३ मेला, म्हणजे राणीचा खटला उभा राहण्याच्या दोन दिवस आधी, तिच्या महालातली नोकरमंडळी मोडून टाकण्यात आली. शिरच्छेदासाठी कुऱ्हाडीऐवजी तलवार चालवणारा कसबी माणूस समुद्रापलीकडून, कॅलेहून, मागवला. त्याला लागणारा वेळ पाहता निकाल लागण्याआधीच निरोप गेला असला पाहिजे. १७ मेला पाचही पुरुष मारले गेले. (कादंबरीच्या पहिल्या पानावरच्या बकिंगहॅमचा शिरच्छेदही १७ मेचाच, पंधरा वर्षे आधीचा.) त्याच दिवशी आर्चबिशप क्रॅनमर याने राजा आणि अ‍ॅन यांचे लग्न मुळातच झाले नव्हते असा निर्णय दिला.

''म्हणजे बघा,'' वकीलबाई वही मिटून म्हणाल्या, ''ती बायको नव्हतीच. आणि व्यभिचार केला म्हणून मारली. बायको नव्हती तर व्यभिचार कसला? आमच्या कोर्टात पहिल्या वर्षाच्या ज्युनिअरनेसुद्धा हे विचारलं असतं.''

१९ मेला अ‍ॅन गेली. दुसऱ्या दिवशी राजाचा जेन सीमूरशी वाङ्‌निश्चय झाला आणि ३० मेला लग्न. स्पेनच्या बाजूचा राजदूत शापुई हा अ‍ॅनचा कट्टर द्वेष्टा. पत्रांतून तो तिला राणीसुद्धा म्हणत नसे. त्यानेही लिहून ठेवले आहे की धड पुरावा नसताना या माणसांना दोषी ठरवले. शत्रूची साक्ष यापेक्षा चांगली काय असणार?

विद्रूप गर्भाची गोष्ट तर आणखी मागाहूनची. गर्भ पडला तो जानेवारी १५३६ मध्ये, पहिली राणी कॅथरिन हिचे दफन झाले त्याच दिवशी. शापुई तेव्हा लंडनमध्येच होता आणि काही वाईट कळले असते तर त्याने ते चवीने लिहिले असते. तो फक्त साडेतीन महिन्यांचा, मुलगा वाटणारा गर्भ एवढेच लिहितो. मांसाचा गोळा होता, हे प्रथम लिहिले निकोलस सँडर या परागंदा कॅथलिक धर्मोपदेशकाने, आणि त्याचे पुस्तक छापले १५८५ साली, म्हणजे पन्नासेक वर्षांनी. अ‍ॅनच्या हाताला सहावे बोट होते हेही त्याचेच. १५३६ साली हा गृहस्थ लहान पोर होता. १९८९ साली रेथा वॉर्निक या अमेरिकन अभ्यासिकेने गर्भाच्या त्या कथेत तथ्य असावे असा तर्क मांडला आणि ग्रेगरीने तो धागा उचलला. पण वॉर्निकबाई अ‍ॅनला निर्दोषच मानतात, हे इथे विसरून चालणार नाही. धागा उचलला, गाठ मात्र लेखिकेची स्वतःची.

यावर आमच्या मंडळातले, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ उसळून म्हणाले, ''अहो, ही कादंबरी आहे! 'स्वामी' वाचून तुम्ही सगळ्या रडलात तेव्हा कुणी कागद मागितले होते का?''

प्रश्न चोख होता आणि काही क्षण कुणी बोलले नाही. १९६२ साली रणजित देसाईंची 'स्वामी' आली तेव्हापासून मराठी घरांतले माधवराव आणि रमाबाई हे त्यांचेच आहेत. थेऊरच्या त्या अखेरच्या दिवसांत नवराबायको एकमेकांशी काय बोलली हे कुणी लिहून ठेवलेले नाही. देसाईंनी ते लिहिले आणि आपण ते खरे मानून जवळ ठेवले. मग ग्रेगरीने काय वेगळे केले?

उत्तर वयाने सर्वांत मोठ्या असलेल्या बाईंकडून आले. त्यांनी पुस्तक नातीकडून ऐकले होते. त्या एवढेच म्हणाल्या, ''ही तर आपली आनंदीबाई.''

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले. रामशास्त्र्यांनी चौकशी करून दोष दिला तो रघुनाथरावांना. पण लोकांच्या तोंडी काय राहिले? आनंदीबाईंनी 'धरावे' मधला 'ध' खोडून 'मारावे' चा 'मा' केला, हे. तो खाडाखोड केलेला मूळ कागद आज कुणी दाखवू शकत नाही. परंतु 'ध चा मा करणे' हा मराठीतला वाक्प्रचार झाला. शाळेतली पोरे तो निबंधात वापरतात. एका बाईला भाषेनेच जन्मठेप दिली म्हणायची. नवऱ्याची महत्त्वाकांक्षा, घराण्यातली भाऊबंदकी, गारद्यांचा थकलेला पगार ही सगळी कारणे बाजूला राहतात आणि एका अक्षरावर बाईचा हात तेवढा दिसतो.

माझे मत त्या शनिवारी बनले ते या दोन बायका शेजारी ठेवल्यामुळे. कादंबरीकाराने मुकी माणसे बोलती करावीत, रिकाम्या जागा भराव्यात. रमाबाई आणि मेरी या तशा जागा आहेत. पण अ‍ॅनच्या बाबतीत जागा रिकामी नव्हती. तिथे एक आरोप होता, तो राजाच्या सोयीसाठी रचलेला होता आणि आता तो तपासून खोटा ठरलेला आहे. मेलेल्या माणसाजवळ राहून राहून उरते काय? तर एवढे निर्दोषत्व. ते गोष्ट रंगावी म्हणून काढून घेणे, आणि तेही सख्ख्या बहिणीला साक्षीदार करून, हे मला मान्य नाही. ग्रेगरी ही काही अडाणी लेखिका नव्हे. एडिनबरा विद्यापीठाची डॉक्टरेट आहे तिच्याजवळ. दरबारातले कपडे, जेवणाची ताटे, बाळंतपणाची अंधारी खोली यांचे तिचे तपशील वाचताना डोळ्यांपुढे उभे राहतात. नेमके त्यामुळेच भावाबहिणीचे प्रकरणही वाचक त्याच खात्रीने गिळतो. मंडळातल्या जिने फक्त चित्रपट पाहिला होता तिने निरागसपणे विचारले, ''पण ते खरंच झालं होतं ना?'' वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

आणि असा डाग जायला वेळ किती लागतो! संभाजीराजांना आपल्या नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी पिढ्यान् पिढ्या व्यसनी, बेजबाबदार रंगवले. १९६० साली वा. सी. बेंद्रे यांचे चरित्र आले, नंतर १९७१ मध्ये कमल गोखले यांचे, तेव्हा कुठे कागदांवरून वेगळा राजा दिसू लागला. आणि तो घरोघर पोहोचला तो १९७९ च्या 'छावा' मुळे. म्हणजे कादंबरीने केलेली हानी पुसायलाही शेवटी कादंबरीच लागली. बँकेतल्या गृहस्थांनी हा मुद्दा आपल्या बाजूचा म्हणून लगेच टिपून घेतला, आणि तो त्यांचा हक्कच होता.

दुसरी एक गोष्ट मला खटकली, ती कुणी फारशी उचलली नाही म्हणून इथे लिहिते. दोन बहिणींच्या भांडणात वाचक इतका गुंततो की हेन्री सुटतो. राजाच्या संबंधांचा जो पुरावा मी वर सांगायचा ठेवला होता तो असा. हेन्रीने पहिल्या लग्नाविरुद्ध तक्रार केली ती ही, की कॅथरिन माझ्या थोरल्या भावाची, आर्थरची, विधवा होती आणि भावाच्या बायकोशी लग्न करणे बायबलात निषिद्ध आहे. हे त्याला लग्नानंतर अठरा वर्षांनी सुचले! आणि त्याच सुमारास, १५२७ मध्ये, त्याने पोपकडे परवानगी मागितली की जिच्या बहिणीशी माझा संबंध आलेला आहे अशा बाईशी मला लग्न करू द्यावे. भावाची विधवा चालत नाही, पण आपल्या अंगवस्त्राची बहीण चालते. राजाचा विवेक असा सोयीने जागा होई आणि सोयीने झोपे. कादंबरीत मात्र तो एक लाडावलेला, रागीट, पाय सुजलेला मोठा मुलगा आहे. सगळी कारस्थाने त्याच्याभोवतीच्या बायका आणि त्यांचे नातेवाईक करतात. प्रत्यक्षात मृत्युपत्रकावर सही त्याची होती.

मुलग्याच्या हव्यासाबद्दल आमच्याकडे कुणाला काही समजावून सांगावे लागले नाही. पहिली राणी कॅथरिन सहा वेळा गरोदर राहिली, जगली ती एक मुलगी. अ‍ॅनचीही जगली ती मुलगीच. या विषयावर बायका बराच वेळ बोलल्या आणि ते सगळे इथे लिहिण्यासारखे नाही. तीन मुलींची आई असलेल्या एक बाई म्हणाल्या, ''तिसरी झाली तेव्हा सासूबाईंनी पेढे आणायला गेलेल्या माणसाला जिन्यावरून परत बोलावलं होतं. आमच्याकडे तलवारवाला नव्हता, एवढंच.'' कुणी हसले नाही. ज्या मुलीच्या जन्माने राजाची निराशा झाली तिने १५५८ ते १६०३ अशी चव्वेचाळीस वर्षे राज्य केले, हे त्या वेळी कुणीतरी सांगितले, पण त्या बाईंचे तिकडे लक्ष नव्हते.

शेवटी मत घ्यायची आमची पद्धत आहे. हे पुस्तक दुसऱ्याला वाचायला द्याल का, असा एकच प्रश्न असतो. आठ हात 'हो' साठी वर गेले, तीन 'नाही' साठी. माझा 'हो' मध्ये होता, आणि वकीलबाईंचाही, याचे सगळ्यांना नवल वाटले. त्या म्हणाल्या, पुस्तक वाचले नसते तर मी खटल्याचे कागद कशाला उघडले असते? मात्र देताना बरोबर आइव्ह्ज द्यायचे, अशी अट त्यांनी घातली. दोन्ही मिळून वजन दीड-दोन किलो भरेल, यावर थोडी थट्टा झाली.

मेरीच्या मुलांचे पुढे काय झाले हे सर्वांत मोठ्या बाईंना हवे होते; नातीने त्यांना तेवढे सांगितले नव्हते. मेरी १५४३ साली वारली, बहिणीनंतर सात वर्षांनी. मुलगी कॅथरिन ही मावसबहीण एलिझाबेथच्या राज्यात तिच्या अगदी जवळची झाली. १५६९ मध्ये ती गेली तेव्हा राणीला फार दुःख झाले आणि तिला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत जागा मिळाली. मुलगा हेन्री, जो मावशीकडे दिला होता, तो लॉर्ड हन्सडन झाला आणि म्हातारपणी ज्या नाटक मंडळीचा आश्रयदाता झाला, त्या मंडळीत शेक्सपिअर होता.

आणि अ‍ॅन? तिला शवपेटी कुणी मागवली नव्हती. बाण ठेवायची एक लाकडी पेटी टॉवरच्या आवारात सापडली, तीत ठेवून आतल्या छोट्या चॅपलच्या जमिनीखाली पुरले. भावाला दोनच दिवसांपूर्वी त्याच चॅपलमध्ये पुरले होते. हे ऐकून आजी म्हणाल्या, ''धाकटीनं निदान पोरं तरी नीट वाढवली म्हणायची.'' मेरी थोरली असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात, कादंबरीत ती धाकटी आहे. शिक्षिकाबाई ते दुरुस्त करायला तोंड उघडणार होत्या, पण वकीलबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.